पुसलेली पाच बटणं

मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट बघा. मी एक जुना की-बोर्ड आहे आणि माझ्या अंगावरची पाच अक्षरं पुसली गेली आहेत. के, ए, एन, बी आणि आय. बाकीची सगळी जागच्या जागी आहेत. क्यू तर इतका ठसठशीत आहे, की कालच कारखान्यातून आला असावा असं वाटतं. जुन्या वस्तूची झीज म्हणजे तिच्या कष्टांची खूण, असं तुम्ही म्हणाल. माझी झीज म्हणजे चुगली आहे. ती मी केली, आणि फार उशिरा केली. तोवर एका भल्या माणसाच्या छातीतला दम कायमचा गेला होता. ही गोष्ट गमतीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म परदेशातला. तिथलं फारसं आठवत नाही. एका लांब पट्ट्यावरून मी सरकत होतो आणि हातमोजे घातलेल्या बायका माझ्यावर एकेक बटण दाबून बसवत होत्या, एवढंच ध्यानात आहे. मग खोका, जहाज, मुंबई आणि ट्रक. १९९५च्या उन्हाळ्यात तो ट्रक कडोदऱ्याच्या नाक्यावर चहाला थांबला आणि तिथून सुरतच्या पांडेसऱ्याला येऊन भाईदास शेठच्या डाइंग मिलच्या फाटकातून आत शिरला. आदल्या वर्षी प्लेगच्या भीतीने गावी पळालेले कामगार तोवर परतले होते. मिल तिन्ही पाळ्यांत धडधडत होती आणि मागच्या नाल्यातून त्या दिवशी जांभळं पाणी वाहत होतं.

मला लॅबमध्ये ठेवलं. लॅब म्हणजे एक लांबट खोली. कापडाचे बोटभर तुकडे रंगवून कुठल्या रंगाला काय आणि किती लागेल, ते तिथे ठरवायचं. ॲसिडचा आंबट वास तिथल्या भिंतींना, माणसांना आणि थोड्याच दिवसांत मलाही लागला.

त्याआधी रंगांचे सगळे फॉर्म्युले रंगखात्याचे प्रमुख पंडित मास्तर यांच्या डायरीत असत आणि डायरी त्यांच्या पँटच्या खिशात. मास्तर आजारी पडले की मिल आजारी पडायची. म्हणून शेठने तीन कंप्युटर घेतले. एक ऑफिसात, एक लॅबमध्ये आणि एक खाली मशीनखात्यात, प्रिंटरजवळ. तिघांना एका काळ्या केबलने जोडलं. लॅबमध्ये माझ्यावर जे टाइप होईल ते खाली कार्डावर छापून यायचं, आणि त्या कार्डाप्रमाणे मशीन चालायचं. प्रत्येक कार्डाच्या तळाशी फॉर्म्युला ज्याने भरला त्याचं नाव छापलेलं असायचं.

हे सगळं बसवायला उधन्याच्या रेल्वे वसाहतीत वाढलेला एक इंजिनिअर आला होता. धम्मरत्न त्याचं नाव. बोलायला हळू, पण शब्दाला पक्का.

"माहिती तीन तऱ्हांनी मरते," तो म्हणाला. "नको त्याला दिसली तर. नको त्याने बदलली तर. आणि हवी त्या वेळी सापडली नाही तर. म्हणून प्रत्येकाने आपला पासवर्ड वेगळा ठेवायचा, कुणाला सांगायचा नाही, आणि कुणाला कळला अशी नुसती शंका आली तरी त्याच दिवशी बदलायचा. दर शनिवारी सगळ्याची नक्कल फ्लॉपीवर घेऊन दुसऱ्या खोलीत ठेवायची."

पंडित मास्तर नाक मुरडून म्हणाले, "माझी डायरी चोरायची तर आधी माझा खिसा कापावा लागेल. या डब्याला तर खिसाच नाही."

"म्हणूनच म्हणतो मास्तर, शब्द सांभाळा," धम्मरत्न हसून म्हणाला. मास्तर त्या वेळी हसले नाहीत आणि पुढे कधी माझ्याजवळही आले नाहीत. फॉर्म्युला तोंडाने सांगायचे आणि टाइप करायचं काम सुषमावर सोडायचे.

सुषमा ही लॅबची कंप्युटर ऑपरेटर. लिंबायतहून शेअर रिक्षाने यायची. टायपिंगच्या क्लासात शिकलेली, त्यामुळे दहाही बोटांनी, माझ्याकडे न बघता टाइप करायची. मला तिचा स्पर्श आवडायचा, हे मी लपवत नाही. तिचे वडील हिलाल त्याच मिलमध्ये वीस वर्षं कापड रंगवायच्या जेट मशीनवर होते. अमळनेरकडून आलेले, अंगाने दणकट आणि मनाने भोळे. मुलगी लॅबमध्ये खुर्चीवर बसते याचा त्यांना इतका अभिमान, की पाळी संपली तरी उगाच जिना चढून यायचे आणि दारात उभं राहून तिची बोटं बघायचे.

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा धम्मरत्न खुर्चीवरून उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"असं काय करता?" सुषमाने विचारलं.

"कुणी शब्द टाकत असलं की बघायचं नसतं," तो म्हणाला. "टाका. कधी विसरणार नाही असा टाका."

 मग तिच्या बोटांनी माझ्यावर सहा अक्षरं दाबली. के, ए, एन, बी, ए, आय. पडद्यावर सहा तारे उमटले. तारे बघून कुणाला काही कळत नाही. मला मात्र कळलं होतं.

कानबाई ही खानदेशी घरांची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते, सोमवारी तिचं विसर्जन होतं. त्या सोमवारी लिंबायतचा खानदेशी माणूस कामावर जात नाही, हे सुरतच्या प्रत्येक मिलमालकाला ठाऊक असतं. कधी न विसरण्यासारखा शब्द म्हणाल तर सुषमासाठी याहून चांगला नव्हता. आणि लिंबायतचा कुणीही पहिल्या झटक्यात ओळखेल असा शब्द म्हणाल, तर तोही हाच होता.

तिने तो घरी वडिलांना सांगितला. मला वाटतं, लेकीने बापाला सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं असं तिला वाटलंच नसावं. हिलालना इंग्रजी येत नव्हतं, पण ती सहा अक्षरं ते हौसेने शिकले. पाळी संपली की येऊन म्हणायचे, "थांब, मी उघडस." आणि मग त्यांचं ते जाड बोट, कॉस्टिक सोड्याने सालटं निघालेलं, माझ्यावर एकेक अक्षर शोधत फिरायचं. एवढं जपून मला आजवर कुणी दाबलेलं नाही. सहावं अक्षर दाबून झालं, पडदा उघडला, की ते कपाळाला हात लावून नमस्कार करायचे.

आता जे घडलं ते मन लावून ऐका. पुढच्या सगळ्याचं मूळ इथे आहे.

१९९६चा श्रावण होता आणि कानबाईचं विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. जेवणाच्या सुट्टीत हिलाल लॅबमध्ये आले. लॅबमध्ये सुषमाखेरीज ललित होता. हा ललित रंग मोजून मिसळणारा असिस्टंट. खानदेशीच, पण सुरतेत जन्मलेला, हिंदी-गुजराती बोलणारा, हुशार आणि भारी घाईचा. त्याच्या घरी कानबाई बसत नसे.

"काका, रोट कुठेत?" त्याने विचारलं. "डब्यात नाही आणले?"

रोट म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळ्या. घरच्या माणसांच्या नावाने मुठी मोजून घेतलेल्या धान्याच्या. त्या घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायच्या, असा रिवाज.

"रोट घरना बाहेर जात नही रे भाऊ," हिलाल म्हणाले. "भाऊबंदकीनाच लोके खातस."

"क्या काका! हम पराये हो गए क्या?" ललित हसत म्हणाला, पण त्या हसण्यात थोडं लागलेलं होतं. "वर्षभर तुमच्या मशीनचे रंग मीच मोजतोय ना?"

हिलालचा चेहरा पडला. दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि रोट देणं तर शक्यच नव्हतं. काहीतरी द्यायला हवं म्हणून त्यांनी जवळचं सगळ्यात मोलाचं दिलं.

"रीस नको मानू," ते म्हणाले. "कानबाईनं नाव ले, तुनं बी काम व्हई जाई. आमनी सुषमाना कंप्युटर बी तिनाच नाववर उघडस."

"आप्पा!" सुषमा दचकून म्हणाली. "ते कोनले सांगानं नही!"

"अरे, ललित काय परका शे का?" हिलाल म्हणाले.

बघा मित्रांनो. पोळीचा तुकडा ज्याला द्यायचा नाही म्हणून एवढं जपलं, त्याच्याच हातात त्यांनी अख्ख्या मिलची किल्ली ठेवली. हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. ललितने मान हलवली, डबा उघडला आणि जेवायला बसला. मी त्याच्याकडे बघत होतो, त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं.

शब्द त्याच दिवशी बदलायला हवा होता. धम्मरत्नने सांगितलं होतं, सुषमाला आठवतही होतं. सगळे गेल्यावर तिने शब्द बदलायची जागा उघडली आणि बोटं माझ्यावर टेकवली. ती तशीच थांबली. कानबाईचं नाव स्वतःच्या हाताने काढून तिथे दुसरं काय ठेवायचं? ऐन श्रावणात? आणि उद्या आप्पा हौसेने सहा अक्षरं दाबतील आणि पडदा उघडणार नाही, तेव्हा त्यांना काय वाटेल? तिने बोटं उचलली.  मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्याकडे आहेत ते तीन हिरवे दिवे, आणि तेही माझ्या मर्जीने लागत नाहीत.

दोनच दिवसांनी, सुषमा जेवायला गेलेली असताना, वेगळी बोटं माझ्यावर आली. डाव्या अंगठ्याचं नख निळं झालेलं, ॲसिडचा वास, आणि वरून ठोकल्यासारखा मार. के, ए, एन, बी, ए, आय. पडदा उघडला. मशीनला वाटलं सुषमा आली.

मला हेच तर सांगायचं आहे. मी बोटं ओळखतो, मशीन फक्त अक्षरं ओळखतं. अक्षरं बरोबर असली की ते दार उघडतं आणि आत आलेल्याला सुषमा म्हणतं. जे जे तो करील ते सगळं सुषमाच्या नावावर लिहितं.

सुरुवातीला ललितने काही बिघडवलं नाही. नुसतं वाचायचा. मास्तर कुठल्या रंगात काय घालतात, ते कागदावर उतरवून घ्यायचा. सुषमाने एकदा पाहिलंही. "मास्तर विचारत होते म्हणून उघडलं," तो म्हणाला आणि तिने मान हलवली. मग ती सवयच झाली. माझ्यावरचं के अक्षर त्या वर्षी फिकट व्हायला लागलं. आम्हां वस्तूंना पाऊलवाटेसारखी झीज लागते, जिथे रोज पाय पडतो तिथेच.

१९९७च्या पावसाळ्यात पंडित मास्तरांनी शेठला सांगितलं, की दिवाळीनंतर मी गावी जाणार. त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न निघाला. "ललितचा हात चांगला आहे," मास्तर म्हणाले, "पण त्याला धीर नाही. बाहेरचा माणूस बघा." हे बोलणं लॅबच्या दारात झालं आणि ललित आत रंग मोजत होता. त्याच्या हातातली बाटली टेबलावर जरा जोरात टेकली.

श्रावण आला. कानबाई बसली. सोमवारी लिंबायत सगळं तापीकडे निघालं होतं. हिलाल, त्यांची बायको शोभाबाई, सुषमा, सगळे त्या मिरवणुकीत होते. मिल निम्मी रिकामी होती. भर दुपारी पावणेएकला ललित लॅबमध्ये एकटा आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

त्या दिवशी तो वाचायला आला नव्हता. नेव्ही ब्ल्यूच्या एका मोठ्या लॉटचा फॉर्म्युला त्याने उघडला. हा रंग चढवताना मशीनमधलं पाणी ॲसिडने आंबट केलेलं असतं. रंग चढला की त्यात आधी कॉस्टिक टाकायचं, आंबटपणा मारायचा आणि मगच हायड्रोची पूड टाकून कापडावरचा सुटा रंग धुवायचा. ललितने कॉस्टिकची ओळ पुसली. त्याचा हिशेब असा, की धुलाई नीट होणार नाही, कापड पुढे रंग सोडेल, आणि जाता जाता मास्तरांचं नाक कापलं जाईल. कापडापलीकडे त्याने विचार केलाच नाही. आंबट गरम पाण्यात नुसती हायड्रो पडली तर काय होतं, हे त्याला माहीत असायला हवं होतं. घाईचा माणूस माहीत असलेलंही विसरतो.

पुसण्याचं बटण त्याने माझ्यावरच दाबलं. ते मी काळ्या केबलमधून पुढे पाठवलं. माझं कामच ते. मला आजही त्या एका बटणाची शिसारी येते.

मंगळवारी सकाळी सातच्या पाळीला हिलाल मशीनवर आले. कपाळावर कानबाईचा कुंकवाचा टिळा अजून होता. खालचं सगळं मला त्यांचा जोडीदार धुडकू याने नंतर लॅबमध्ये येऊन सांगितलेलं ऐकून माहीत आहे. आठच्या सुमारास कार्ड हातात घेऊन धुडकू म्हणाला, "हिलालभाऊ, यामां कॉस्टिक दिखत नही."

हिलालनी कार्ड घेतलं. वीस वर्षांचा अनुभव होता त्यांना. कार्ड नसतं तर कॉस्टिकशिवाय त्यांनी हायड्रोच्या डब्याला हातही लावला नसता. ते अडखळले. मग त्यांची नजर कार्डाच्या तळाशी गेली. तिथे सुषमा असं छापलेलं होतं. इंग्रजीतलं ते नावही त्यांना आता वाचता येत होतं.

"मनी आंडेरनं कार्ड शे," लेकीच्या नावावर बोट ठेवत ते म्हणाले. "मास्तरनी नवीन काही काढं व्हई. ती चुकाव नही."

आणि त्यांनी मशीनच्या बाजूच्या, तेच आंबट पाणी भरलेल्या टाकीवर वाकून हायड्रो टाकली.

धूर उठला तो पांढरा, घसा चिरणारा. धुडकू मागे होता, तो पळाला. हिलाल टाकीवर वाकलेले होते. त्यांना ओढून बाहेर काढलं तेव्हा ते जिवंत होते, पण श्वास घेताना भाता फाटल्यासारखा आवाज येत होता.

सुषमा नऊ वाजता फाटकात पोचली ती थेट दवाखान्यातच गेली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आली तेव्हा तिची बोटं गार पडली होती. आधी तिने तो फॉर्म्युला उघडला. मग दुसऱ्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यातून शनिवारची फ्लॉपी आणली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. शनिवारच्या नकलेत कॉस्टिकची ओळ होती. आताच्यात नव्हती. आणि बदलाची नोंद होती सोमवार, दुपारी बारा सत्तेचाळीस, सुषमा.

भाईदास शेठ आले. मागे पंडित मास्तर, त्यांच्या मागे ललित.

"सोमवारी तर तू नव्हतीस," शेठ म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, त्या दिवशी घाबरलेले होते. "आ पासवर्ड तमे कोने आप्यो?" शब्द कुणाला दिला होता, एवढंच त्यांना हवं होतं.

सुषमाने ललितकडे बघितलं. ललित टेबलावरच्या रंगाच्या डागाकडे बघत होता.

तिला माहीत होतं. नाव घ्यायला एक क्षण लागला असता. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, ललितला कुणी सांगितला? आणि उत्तर होतं, आप्पांनी. मग मिलने म्हटलं असतं, माणसाने आपल्याच हाताने घात करून घेतला, आमचा काय संबंध? दवाखान्याच्या खर्चातून मिलने हात झटकले असते. आणि खाटेवर नळ्या लावून पडलेल्या बापाला हे कळलं असतं, की आपली छाती आपल्याच जिभेने जाळली. या सगळ्याचा विचार तिने किती वेळ केला ते सांगतो. तिचं एक बोट माझ्या एन या बटणावर टेकलेलं होतं, आणि ते उचललं जाईपर्यंत पंडित मास्तर दोनदा खोकले.

"मी सांगितला होता," ती म्हणाली. "बऱ्याच जणांना. चूक माझी आहे."

दवाखान्याची सोय शेठने शेवटपर्यंत बघितली. सुषमाला मात्र त्याच आठवड्यात काढलं. मास्तर दिवाळीची वाट न बघताच गेले. आणि लॅब सांभाळायला दुसरं कोणीच न उरल्याने ती ललितच्या हाती आली. मित्रांनो, मला राग येतो. मी वस्तू आहे, मला राग यायला नको, पण येतो.

हिलालना सुषमाने सांगितलं, की मशीनमध्ये बिघाड झाला होता. दोष आम्हां यंत्रांच्या माथी आला. तेवढा मी आनंदाने घेतो.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्यावर ललितची बोटं होती. त्याने पहिल्याच दिवशी शब्द बदलला, आणि पुढे दर महिन्याला बदलायचा. उघड्या दारातून आत आलेला माणूस कडी लावायला सगळ्यात आधी शिकतो. मात्र तोवर ती पाच अक्षरं माझ्यावरून गेलेली होती. त्याने ते कधी पाहिलं असेल तर मला दाखवलं नाही. चहा सांडला तर पुसायचा नाही. माझ्या फटींत रंगाची पूड साचली.

१९९९मध्ये दोन हजार सालची भीती सुरू झाली. साल बदललं की जुने कंप्युटर बंद पडतील, असं सगळे म्हणायला लागले. शेठने आम्हां तिघांना भंगारात काढलं. नवीन मशीनं आली, ती टेलिफोनच्या तारेने बाहेरच्या जगाला जोडलेली होती असं ऐकलं. पूर्वी किल्ली मिलच्या आत फिरायची. आता ती कुठवर जाईल, देव जाणे.

भंगाराच्या ढिगातून धुडकूने मला आणि लॅबच्या कंप्युटरच्या डब्याला उचललं, गोणीत घातलं आणि लिंबायतला सुषमाच्या घरी नेऊन दिलं. ती घरच्या पुढच्या खोलीत मुलांना टायपिंग आणि थोडंफार कंप्युटर शिकवत होती. तिने ओल्या फडक्याने माझी एकेक फट पुसली. बोटं तीच होती, दहाच्या दहा, फक्त जरा जड झालेली.

हिलाल दाराशी खाटेवर बसलेले असायचे. चार पावलं चालले की धाप लागायची. आवाज फाटका झाला होता. तरी मुलं आली की त्यांना बरं वाटायचं.

त्याच वर्षी पुन्हा श्रावण आला. कानबाई येऊन गेली. दुपारी हिलाल खाटेवर बसून रोट खात होते आणि शेजारची सोनाली माझ्यासमोर टायपिंगचा सराव करत होती.

"काका, मला पण द्या ना एक तुकडा," ती म्हणाली.

"रोट बाहेर देतस नही बेटा," हिलाल सवयीने म्हणाले. "भाऊबंदकीनाच..."

ते तिथेच थांबले. त्यांची नजर माझ्यावर पडली होती. इतके दिवस दाराकडे पाठ असायची माझी, त्या दिवशी सोनालीने मला उजेडासाठी फिरवून ठेवलं होतं. त्यांनी तुकडा ताटात ठेवला, भिंतीला धरत उठले आणि माझ्यावर वाकले.

"सुषमा, ह्या बटनंवरना अक्षरं कोठे गयात?"

"जुना शे, आप्पा. घसाई गयात."

त्यांचं ते जाड बोट पुढे आलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण त्या बटणांच्या जागा त्यांना पाठ होत्या. एक कोरं. दुसरं कोरं. तिसरं. चौथं. पुन्हा दुसरं. मग शेवटचं. सहा वेळा दाबून झाल्यावर त्यांचा हात कपाळाकडे निघाला, नेहमीच्या नमस्कारासाठी, आणि मध्येच खाली आला. त्यांच्या आणि लेकीच्या बोटांनी एवढी झीज होत नाही, तिसरं कुणीतरी त्याच शब्दाने आत येत होतं, हे त्यांना तिथे कळलं.

"मी सांगं व्हतं," ते म्हणाले. "ललितले. रोट दिधा नही म्हनीसन." ते सुषमाकडे वळले. "तुले माहीत व्हतं?"

"हो आप्पा."

"मंग मशीननी चूक शे असं काबर सांगं तू?"

"तुम्ही बरा व्हवाले पाहिजे व्हतात," सुषमा म्हणाली.

दोन वर्षं तिने एकच गोष्ट खरीखुरी गुप्त ठेवली होती, आणि ती मी फोडली. शब्द न काढता, नुसत्या कोऱ्या अंगाने. हिलाल त्या दिवशी परत ताटावर बसले नाहीत. खाटेवर पडून भिंतीकडे बघत राहिले. सोनाली घरी गेली.

पांडेसऱ्याला जाऊन शेठला सांगावं, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी ठरवलं. रिक्षापर्यंतही चालवलं नाही. पंधरा पावलांवरून धुडकूने त्यांना परत आणलं. आणि शेठला सांगून तरी काय दाखवणार होते? नोंदीत तर सुषमाच होती.

त्यानंतर मात्र घरात एक नवा रिवाज सुरू झाला. सुषमा कंप्युटर सुरू करायला बसली, की हिलाल खाटेवरून तोंड फिरवून भिंतीकडे बघतात. मुलं असली तर त्यांनाही फिरवतात. "देखानं नही," असं त्या फाटक्या आवाजात म्हणतात. धम्मरत्नला तसं करताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. हे त्यांचं त्यांना उमगलं.

सुषमाने नवा शब्द ठेवला आहे. तो कुठल्या देवाचा नाही, कुणाच्या घरातला नाही. तो मला माहीत आहे आणि तुम्हांला मी सांगणार नाही.

पण मित्रांनो, आता खरी विनंती करतो. काल दुपारी उन्हाची तिरीप माझ्यावर आली तेव्हा मी पाहिलं, माझी आणखी चार बटणं फिकट व्हायला लागली आहेत. मी मुद्दाम करत नाही, रोजचं बोट पडलं की मी झिजतोच. मला गप्प राहता येत नाही. तुमच्यापैकी कोणी सुषमाताईंच्या क्लासला जात असेल तर त्यांना एवढा निरोप द्या, की शब्द आजच बदला. आणि तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याच्या अंगाकडे एकदा उजेडात बघा. मी जे सांगायला दोन वर्षं लावली, ते तो कुणाला आत्ताच सांगत असेल.